चौदा नंबरचं वलय

जूनमध्ये कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात आम्हा प्राध्यापकांना अध्यापनाचा आराखडा भरून द्यावा लागतो. त्यात रकाने असतात: आठवडा, घटक, तासिका, आणि शेवटी 'पूर्तता झाली का'. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. हा तक्ता मी दरवर्षी मागच्या वर्षीचा उतरवून देतो, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे याहून मोठं काही कबूल करायचं आहे.

त्या वर्षी मात्र उतरवायला मागचं काही नव्हतं. तिसऱ्या वर्षाला नवा विषय लागला होता. मुलांनी स्वतः माती आणायची, तिच्यातले जिवाणू वाढवायचे, आणि त्यांतला एखादा दुसऱ्या जिवाणूंना मारणारं काही तयार करतो का, म्हणजे आपल्या भाषेत नवं अँटिबायोटिक सापडतं का, ते शोधायचं. उत्तर कुणालाच माहीत नसलेला प्रयोग. त्यासाठी आम्हाला तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती. तिच्यात एक फोल्डर, एक पेन, दोन वेळचं पनीर आणि प्रमाणपत्र मिळालं. 'विद्यार्थ्याला चुकू द्या,' असं तिथे सांगितलं गेलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते त्याच शब्दांत लिहून घेतलं, कुणाचंही चुकलं नाही.

आता प्रश्न रकान्यांचा होता. रकाना रिकामा ठेवला तर फाइल ऑफिसातून परत येते. मी पहिल्या आठवड्यापुढे 'माती आणणे' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'जिवाणू वाढवणे', असं करत करत नवव्या आठवड्याशी आलो आणि लिहिलं, 'नवीन अँटिबायोटिकचा शोध लागणे.' दहाव्यापुढे लिहिलं, 'शोधाची उजळणी.'

प्राचार्य मॅडमनी सही केली. कुणी हसलं नाही. मीही नाही.

आमच्याकडे प्रॅक्टिकल कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विद्यार्थी प्रयोग करतो, हे खरं. पण त्याआधी त्याच्याकडे सीनियरची जर्नल असते आणि त्या जर्नलमध्ये उत्तर असतं. प्रयोगातून दुसरंच काही आलं तर तो घाबरतो, इकडेतिकडे बघतो आणि जर्नलमधलं लिहितो. आम्ही लाल पेनने बरोबरची खूण करतो. बावीस वर्षांत मी किती खुणा केल्या असतील? एकदाही कुणाला विचारलं नाही की बाबा, तुला दिसलं काय होतं?

आणि वार्षिक परीक्षेत तर बाहेरचे परीक्षक यायचे. त्यांच्यासमोर प्रयोग फसला तर मुलाचे मार्क जातात, आणि विभागाची अब्रू. म्हणून आमच्याकडे मामा होते.

मामा आमचे लॅब अटेंडंट. इथल्याच गावठाणातले. ज्या शेतात त्यांनी लहानपणी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडल्या त्याच्यावर आता आमची इमारत उभी आहे असं ते सांगतात, आणि नेमकी कुठली खोली ते रोज बदलतं. कधी प्राचार्यांचं केबिन, कधी मुतारी. तीस वर्षांत मामांनी पुस्तक उघडलं नाही, पण काचेची प्लेट उजेडाकडे धरून ते जिवाणूचं नाव सांगतात, आणि ते बरोबर असतं. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात तयार स्लाइड्स, रंगवलेल्या, नंबर टाकलेल्या. परीक्षेच्या दिवशी एखाद्या मुलीच्या स्लाइडवर काहीच दिसेना झालं की मामा तिच्या टेबलावरून फडकं फिरवत जायचे, आणि फडकं उचललं की स्लाइडवर सगळं दिसायला लागायचं. परीक्षक चहा पीत असायचे. ते पूर्वी जिथे शिकवायचे तिथेही असे एक मामा होतेच.

मला हे माहीत होतं. एवढंच नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मामांकडे जाऊन म्हणायचो, "मामा, उद्या सगळ्यांचे रिझल्ट आले पाहिजेत." हे मी एका दमात, दुसरीकडे बघत म्हणायचो, आणि मामा म्हणायचे, "तुमी टेन्शन नका घेऊ, सर. आपन हाय ना."

तर नवा विषय सुरू झाला. पंधरा मुलं होती. मी सांगितलं, जिथे कुणी शोधलं नसेल अशा जागेची माती आणा. पुढच्या आठवड्यात पंधरा पिशव्या आल्या. कळंबोलीचा एक मुलगा ट्रकच्या अड्ड्यावरची माती घेऊन आला, तिच्यातून डिझेलचा वास येत होता आणि तिच्यात काही वाढेल अशी शक्यता कमी होती, पण निदान ती त्याची होती. एकीने महापेला तिच्या भावाच्या कंपनीमागची आणली. बाकी बारा पिशव्यांमधली माती एकाच रंगाची, एकाच पोताची, आणि प्रत्येकीत शेणखताच्या त्याच गोळ्या. कॉलेजच्या गेटशी प्राचार्य मॅडमनी उद्घाटनाला लावलेली जास्वंदीची कुंडी त्या दिवशी चार बोटं खाली गेलेली मला दिसली. बारा वेगवेगळ्या गावांची नावं त्या बारा पिशव्यांवर होती. मी सगळ्यांवर सही केली.

एक पिशवी वेगळी होती. ती आणणारी मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची नाही, पण लॅबमधून जाताना आपलं टेबल पुसायची आणि आपल्या टेस्ट ट्यूब स्वतः धुऊन ठेवायची. असं करणारी विद्यार्थिनी मी आणि मामांनी मिळून पहिल्यांदाच बघितली होती. तिचे वडील एपीएमसी मार्केटमध्ये, कांदा-बटाट्याच्या बाजारात, मापाडी. म्हणजे गोणी काट्यावर चढली की वजन सांगायचं. तिने तिथल्या मागच्या भिंतीलगतची माती आणली होती, जिथे सडलेला कांदा टाकतात. पिशवी उघडली तेव्हा अख्खी लॅब खिडक्यांकडे पळाली.

"ईऽ, काय आणलंयस हे?" मैत्रीण म्हणाली.

"तुमच्या कुंडीपेक्षा बरंय," ती म्हणाली.

तिने आणखी एक केलं. वजनकाट्यावर माती ठेवायच्या आधी तिने रिकामा काटा बघितला. तो शून्यावर नव्हता. पाच वर्षांत तो कुणी शून्यावर बघितला नसावा. तिने तो शून्यावर आणला.

"पप्पा म्हणतात, आधी रिकामा काटा दाखवायचा," ती मला म्हणाली. "मग माल. नाहीतर भांडण होतं."

मी मान डोलावली. हे वाक्य मी तेव्हाच जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगायला हवं होतं.

पुढचं काम सोपं पण कंटाळवाणं. माती पाण्यात कालवून, पातळ करून प्लेटवर पसरायची. दोन दिवसांनी तिच्यावर जिवाणूंचे ठिपके उगवतात. त्यातला एकेक ठिपका टूथपिकने उचलून दोन प्लेटवर टेकवायचा, दोन्हीकडे तोच नंबर घालून. एक प्लेट जपून ठेवायची. दुसरीवर आधीच निरुपद्रवी जंतूंचा पातळ थर दिलेला असतो. एखाद्या ठिपक्यातून त्या जंतूंना मारणारं काही झिरपलं तर त्याच्याभोवती स्वच्छ गोल जागा दिसते. तेच वलय. मुलं त्याला झोन म्हणतात. सगळा विषय त्या एका गोलासाठी.

सातव्या आठवड्यात कुणाच्याही प्लेटवर वलय नव्हतं. आठव्यातही नव्हतं. हे अगदी नेहमीचं आहे, असं मी मुलांना सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण मुलांना 'नाही' हे उत्तर असू शकतं यावर विश्वास बसेना. ती विचारायची, "सर, पण यायला काय पाहिजे होतं?" त्यांना सीनियरची जर्नल हवी होती, आणि या विषयाला सीनियरच नव्हते.

नवव्या आठवड्याच्या सोमवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे माझाच आराखडा होता.

"या आठवड्यात तुमचा शोध आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते असं वेळापत्रकाने..."

"तुम्हीच लिहिलंय. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. गणितवाल्यांकडे दाखवायला काही नाही, वाणिज्यवाल्यांनी रांगोळी ठेवलीय. तुमच्याकडे निदान काचेत काहीतरी दिसतं. मोठा शोध नको हो. छोटा चालेल."

मी लॅबमध्ये परत आलो. मामा प्लेट्स मोजत होते. आणि मी, बावीस वर्षांच्या सवयीने, एका दमात, खिडकीकडे बघत म्हणालो, "मामा, या आठवड्यात एक तरी रिझल्ट आला पाहिजे."

मला काय म्हणायचं होतं हे मला माहीत होतं. नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो की ते नुसतं बोलणं होतं, हताशपणे निघालेलं. ते खोटं आहे.

गुरुवारी दुपारी ती मुलगी ओरडली. कधी मोठ्याने न बोलणारी मुलगी. सगळे धावले. तिच्या प्लेटवर चौदा नंबरच्या ठिपक्याभोवती वलय होतं, रुपयाएवढं, इतकं स्वच्छ की खालची टेबलाची सनमायका दिसत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकच्या मातीवाल्या मुलाने फोनवर फोटो काढले. ती दोन्ही हातांनी प्लेट धरून उभी होती, पूजेचं ताट धरावं तशी, आणि म्हणत होती, "हलवू नका, हलवू नका."

मी मामांकडे बघितलं. ते फडकं पिळत होते.

सगळे गेल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. फ्रिजमध्ये अँटिबायोटिकची कुपी असते, तिच्यातला एक थेंब.

"चौदाला दिला. बरा दिसतो का नाय?"

"तिलाच का मामा?"

"आवो, ती एकटीच तं टेबल पुसून जाते. दुसऱ्यांना कशाला देऊ? ती बारा कुंडीवाली?"

यात त्यांच्या परीने एक न्याय होता. तीस वर्षं ते असाच न्याय करत आले होते. संध्याकाळी आराखड्यात नवव्या आठवड्यापुढे 'पूर्तता झाली' लिहिलं.

बॅनर तीन दिवसांत लागला. गेटवर, जास्वंदीच्या वर. मधे तिचा फोटो, एका कोपऱ्यात प्लेट, दुसऱ्या कोपऱ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, त्याच्याखाली मॅडम, त्याच्याखाली मी, आणि मोठ्या अक्षरांत 'आमच्या मातीतला शोध'. तिचे वडील बाजारातून सुटल्यावर येऊन बॅनरसमोर उभे राहिले. मी गेटमधून निघालो तर त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला.

"सर, तुमच्यामुळे झालं," ते म्हणाले.

ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. मी रिक्षात बसलो आणि घरी गेलो. ॲसिडिटीची गोळी घेतली.

उरलेल्या मुलांनी चौदा नंबर आपापल्या जर्नलमध्ये उतरवून घेतला. कुंडीच्या बारा पिशव्यांमध्येही तो सापडला. विषय संपला असता. पण ती मुलगी तो संपवेना. 'शोधाची उजळणी' हा दहावा आठवडा मी विनोद म्हणूनसुद्धा लिहिला नव्हता, नुसता रकाना भरला होता. तिने तो खराच धरला. जपून ठेवलेल्या प्लेटवरून चौदा नंबर उचलला, नव्या प्लेटवर टेकवला. वलय नाही. पुन्हा. नाही. ती आता शनिवारी दुपारीही येऊ लागली, जेव्हा लॅबमध्ये मी, मामा आणि पंखा एवढेच असायचो. प्रत्येक वेळी ती प्लेट उजेडाकडे धरायची, मग माझ्याकडे बघायची. मी चष्मा पुसायचो.

"होतं असं कधीकधी," मी म्हणायचो. "जिवाणू गुणधर्म हरवतात."

हे पुस्तकात आहे. म्हणून तर ते सांगायला सोपं गेलं.

सातव्यांदा वलय आलं नाही तेव्हा तिने प्लेट खाली ठेवली आणि स्वतःची बोटं बघितली.

"माझ्या हाताला नाही ते, सर," ती म्हणाली. "पहिल्यांदा चुकून आलं असेल. मला मेंटेन करता येत नाही."

"असं काही नसतं."

"एमएससीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म घेतला होता. बुधवारी लास्ट डेट आहे. पण हात नसेल तर दोन वर्षं कशाला घालवायची? महापेला एका कंपनीत डेटा एन्ट्रीचं आहे, चुलत बहीण तिथेच आहे. पप्पांना सांगितलंय."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. बॅनरचा फोटो फोनवर लावलाय त्यांनी. तो काढला नाही अजून."

एवढं सांगून तिने टेस्ट ट्यूब धुतल्या, टेबल पुसलं आणि जर्नल माझ्या टेबलावर ठेवून गेली. सही करायला.

मी ती उघडली. सातही वेळचं तिने लिहिलं होतं. तारीख, तापमान, किती तास, आणि पुढे 'वलय दिसले नाही'. सात वेळा. माझ्या बावीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये 'दिसले नाही' असं मी पहिल्यांदा वाचत होतो. पुढच्या पानावर तिने पहिल्या प्लेटचा फोटो चिकटवला होता आणि पट्टीने मोजून खाली लिहिलं होतं की वलयाचा मध्य ठिपक्यावर नाही, दोन मिलिमीटर बाजूला आहे. हे मला कधी दिसलं नव्हतं. मग 'संभाव्य कारणे'. एक, जिवाणूने गुणधर्म हरवला. दोन, माझ्या हाताळणीत चूक. तीन, बाहेरून अँटिबायोटिक पडले.

तिसऱ्यावर तिने एक सरळ रेघ मारली होती, पट्टीने, आणि पुढे लिहिलं होतं: 'हे शक्य नाही. प्लेट आपल्याच लॅबमध्ये होती.'

दुसऱ्यावर रेघ नव्हती. त्याच्याखाली दोनदा अधोरेखित केलं होतं.

लाल पेन माझ्या हातात होतं. सवयीने टोपणही काढलं होतं. मला आजही वाटतं की त्या पानावर माझ्याकडून सही होऊन गेली असती. बावीस वर्षांचा हात होता तो. थांबवलं ते कुठल्या तत्त्वाने नाही, त्या पट्टीच्या रेघेने. तिने ज्या शक्यतेवर इतकी नीट रेघ मारली होती ती शक्यता मी होतो.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी दुपारी जर्नल न्यायला आली. मी तोवर वाक्य तयार केलं होतं. प्रयोगाच्या कृतीत लिहितात तसं: पाणी घेतले गेले, थेंब टाकला गेला. कुणी, ते न सांगता. मामा बेसिनशी होते.

"तिसरं कारण खोडू नकोस," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ते बरोबर आहे. त्या प्लेटवर औषध टाकलं गेलं होतं."

"कोणी?"

नळ चालू होता.

"कोणी, सर?"

"मी."

"खोटा बोलतान सर," बेसिनकडून आवाज आला. मामांनी नळ बंद केला. "मी टाकला. सरांचा हात कापतो, त्यांना ठिपक्याच्या एवढा जवलपन जमला नसता. थेंब माजा हाय."

"मामांनी टाकला, पण मी सांगितलं म्हणून."

"सांगितला असा नाय, सर. तुमी खिडकीत बगत होता."

आम्ही दोघे अपराध वाटून घेत होतो आणि ती मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग तिने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"हो."

"सातही वेळा?"

"सातही वेळा. तुझंच बरोबर होतं."

तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला, क्षणभर. आणि मग लगेच आवळला.

"सात वेळा, सर. तुम्ही समोर बसला होतात. प्रत्येक वेळी मी प्लेट धरली की बघत होतात. गुणधर्म हरवतात म्हणालात." तिने टेबलावरची जर्नल उचलली. "पप्पा काट्यावर असं करतील ना, तर त्यांना बाजारात परत पाय ठेवू देणार नाहीत."

मामा म्हणाले, "पोरी, तुज्या चांगल्यासाठी..."

"मामा, तुम्ही बोलू नका. तुमच्यावर मी नंतर रागावणार आहे."

ती गेली. त्या दिवशी टेबल पुसलं नाही. ते मामांनी पुसलं, दोनदा.

मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि शांतपणे ऐकलं.

"तुम्ही खूप इमोशनल झालात," त्या म्हणाल्या. "बॅनरचं काय करायचं म्हणता?"

"उतरवूया."

"उतरवला की लोक विचारतात. लावलेल्याला कुणी विचारत नाही. राहू दे, उन्हाने जाईल."

बुधवारी सकाळी लॅबचं कुलूप उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. हातात जर्नल. तिने तिसऱ्या कारणावरची रेघ तशीच ठेवली होती, पण शेजारी नवी ओळ शाईने लिहिली होती: 'हे शक्य आहे. झाले. कारण पडताळणीसाठी बिनठिपक्याची रिकामी प्लेट ठेवली नव्हती.'

"यावर सही करा," ती म्हणाली.

मी केली. पूर्ण नावाची, तारखेसह.

"बॅनर?" तिने विचारलं.

मी मॅडमचं म्हणणं सांगितलं. ती जराशी हसली, तिरकं. "पप्पांना मीच सांगितलं. त्यांनी फोटो काढला फोनवरून. म्हणाले, सरांनी स्वतःहून सांगितलं का? मी म्हटलं, हो, पण उशिरा. ते म्हणाले, काटा उशिरा दाखवला तरी गोणी परत मोजावी लागते."

मग तिने पिशवीतून एमएससीचा फॉर्म काढला. त्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं.

"हात चांगला आहे, एवढंच लिहा सर. बाकी कौतुक नको. आणि शोधाचं काही नको."

मी तेवढंच लिहिलं. दोन ओळींचं शिफारसपत्र मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं. ती ते दोनदा वाचून घेऊन गेली. मामांवर रागावायचं मात्र विसरली, किंवा विसरल्यासारखं केलं. मामा त्याची महिनाभर वाट बघत राहिले.

समिती आली. लॅबमध्ये सात-आठ मिनिटं होती. एका सदस्यांनी आग विझवण्याचं नळकांडं कुठे आहे विचारलं. दुसऱ्यांनी बॅनरचं कौतुक केलं. तिसरे, जरा वयस्कर, त्यांनी माझा आराखडा मागवला आणि बोट फिरवत नवव्या आठवड्याशी थांबले. तिथे मी 'पूर्तता झाली' खोडून 'नाही' लिहिलं होतं, आणि खाली सही.

मला वाटलं, विचारतील. मी सांगायला तयार होतो. अगदी सगळं, थेंबापासून.

"प्राध्यापक," ते प्रेमाने म्हणाले, "'नाही' असं लिहीत नसतात. 'प्रगतिपथावर' लिहायचं. इतकी वर्षं झाली तुम्हाला."

त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी घेतलं नाही. माझ्या शौर्याचा पल्ला तेवढाच. त्यांनी खांदे उडवले आणि ते चहाला गेले.

आता दुसरी तुकडी आहे. अजून कुणाला वलय मिळालेलं नाही. ती एमएससी करते आहे, मधे एकदा येऊन फ्रिजमधून चौदा नंबरची जपलेली नळी घेऊन गेली. "निर्दोष आहे बिचारा," म्हणाली, "त्याला दुसऱ्या कुठल्या जंतूंवर तरी लावून बघते." जाताना तिने मुलांना एक नियम घालून दिला. प्रत्येक वेळी टेबलाच्या टोकाला एक प्लेट रिकामी ठेवायची. माती नाही, ठिपका नाही, नुसता जंतूंचा थर. तिच्यावर वलय उठलं तर त्या दिवशीचं सगळं रद्द. मार्करने तिच्यावर लिहायचं: 'सर'. नव्या मुलांना वाटतं की हा माझा मान आहे. मी अजून खुलासा केलेला नाही. तेही एकदा करायला हवं.

कुपी आता कुलपात असते आणि किल्ली मामांकडे, कारण दुसरं कुणी ती हरवेल. सकाळी मी येतो तेव्हा मामांनी ती रिकामी प्लेट इनक्युबेटरमधून काढून खिडकीशी उजेडात धरलेली असते. पुढून, मागून, तिरपी करून बघतात.

"काय नाय, सर," ते म्हणतात. "सगली भरलेली हाय. भोक नाय कुटं."

मग मी चष्मा लावून स्वतः बघतो, आणि मगच सही करतो.